पाच अनुस्वार

मधुकर देवस्थळीच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती शिरीषच्या त्या पे-बुकापासून.

तसा मधुकर वाईट माणूस नव्हे. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावच्या मेन स्ट्रीटवर फार्मसीत उभा राहून त्याने पंधरा वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजल्या होत्या. कोणाच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत. छंद म्हणून जुन्या लष्करी रायफली जमवायचा. गावच्या कलेक्टर्स क्लबात तो एकटाच भारतीय होता आणि हे एकटेपण त्याला फार आवडत असे. एखादा गोरा म्हातारा ‘मॅडू, तुझं मत काय?’ असं विचारायचा, तेव्हा त्याचा ऊर भरून यायचा.

मग दोन वर्षांपूर्वी पुण्याहून शिरीष आला. वेलिंग्टनच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम, रोज ट्रेनने ये-जा, वय तिशीचं. मधुकरच्या कपाटातल्या रायफली पाहून पोराला वेडच लागलं. ‘दादा, मला शिकवा,’ म्हणून मागे लागला. मधुकरने शिकवलं. बंदूक कुठे ठेवायची, बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात का ठेवायचा, लाकडाला कोणतं तेल चोळायचं, सगळं सांगितलं. एवढंच नव्हे, शिरीषच्या लायसनसाठी घरच्यांखेरीज आणखी एका माणसाची ग्वाही लागते, तीही त्यानेच दिली. पोलीस घरी आला तेव्हा मधुकर म्हणाला होता, ‘हा मुलगा सोन्यासारखा आहे.’ हे वाक्य पुढे त्याच्या घशात अडकून बसणार होतं, ते तेव्हा त्याला कुठून कळणार?

त्या सोन्यासारख्या मुलाने डोंगरापलीकडच्या वायरारापा भागातल्या एका विधवेकडून एक साधी थ्री-नॉट-थ्री आणली. बंदूक साधी, पण तिच्याबरोबर नवऱ्याचं पे-बुक, म्हणजे युद्धातल्या शिपायाचं पगाराचं पुस्तक, होतं. आत त्याने स्वतःच्या हाताने बंदुकीचा नंबर लिहिलेला. वर इटलीत काढलेला एक फोटो. क्लबचा अध्यक्ष ब्रूस ते पुस्तक दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं पानं उलटत राहिला. मग म्हणाला, “ऑक्टोबरात लेबर डेच्या सुट्टीतल्या प्रदर्शनात मधलं टेबल ह्याला.”

मधलं टेबल! हॉलच्या मधोमध मखमल घातलेलं ते एक टेबल. वर्षाला एकच बंदूक तिथे बसते, आणि तिच्या मालकाचं नाव पितळी पाटीवर कायमचं कोरलं जातं. मधुकरची, बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली रायफल अकरा वर्षं बाजूच्या दारापाशी, चहाच्या किटलीशेजारी पडून होती. दर वर्षी ब्रूस तिच्याकडे पाहून म्हणे, “छान आहे मॅडू, पण कागद नसले की बंदूक म्हणजे नुसतं लोखंड.”

घरी बायको मृदुलाने पोळी वाढता वाढता सहज म्हटलं, “शिरीषने नाव काढलं हं. दोन वर्षांत!” मधुकरच्या अंगाचा तिळपापड झाला. तो पानावरून उठला नाही, पण पुढची पोळी त्याने नको म्हटली.

त्याला शिरीषचं यश डोळ्यांत खुपत होतं, आणि शिरीषचा चांगुलपणा त्याहून जास्त. पोरगा माजला असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो येऊन पाया पडला. म्हणाला, “दादा, हे सगळं तुमच्यामुळे. तुमच्या इशापूरला मी तेल देऊन ठेवू का? प्रदर्शनाआधी मस्त चमकवतो.” मधुकरने हसून बंदूक त्याच्या हाती दिली आणि तो गेल्यावर दार जरा जोरातच लावलं.

आठवड्याने बंदूक चमकून परत आली, आणि त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मृदुला हॉस्पिटलात ड्युटीला गेलेली असताना त्याने तो उद्योग केला. सेकंडहँड दुकानातून आणलेल्या एका जुन्या पुस्तकाचं मागचं कोरं पान फाडलं. चहाच्या पाण्यात बुडवलं, हेअर ड्रायरने वाळवलं. निबाचं पेन, काळपट निळी शाई. औषधं मोजणारा माणूस तो, प्रत्येक गोष्ट बेतशीर केली. पत्र मराठा पलटणीतल्या एका हवालदाराचं, सन चव्वेचाळीस, इटली. जखमी झालेल्या हवालदाराला एका न्यूझीलंडच्या शिपायाने उचलून नेलं, बंदूक त्या शिपायाकडेच राहिली, पत्र कोणी दुभाषा त्याला वाचून दाखवील, अशी गोष्ट. मजकूर तीनच ओळींचा ठेवला:

‘युद्धात तु मला पाठिवर घेऊन गेलास. माझी बंदुक तुझ्याकडे राहिली, ती राहू दे. हे उपकार मी कधी विसरणार नाहि.’

ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका त्याने मुद्दाम घातल्या होत्या. हवालदार काय शुद्ध लिहिणार? ह्या चार चुकांवर तो इतका खूश झाला की लिहून झाल्यावर त्याने स्वतःलाच एक कप कॉफी करून दिली. मग पत्राची गुंडाळी करून ती बंदुकीच्या दस्त्यात, पितळी झाकणामागे तेलाची बाटली ठेवायची पोकळी असते, तिथे सारली. आणि पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर झाकण उघडून स्वतःच चकित झाला.

मधुकरने पत्राचा अर्थ इंग्रजीत सांगितला, तेव्हा ब्रूसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचे वडील इटलीतच लढले होते. “मराठी?” तो म्हणाला. “असं असेल तर मधलं टेबल मॅडूचं. पण दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यायला हवं. नियम आहे.”

“माझी आई आलीय ना इथे!” शिरीष उभाच राहिला. स्वतःचं टेबल जातंय ह्याची त्या पोराला फिकीरच नव्हती. “मराठीची टीचर होती. थर्टी सेव्हन यर्स!”

मधुकरला नाही म्हणता येईना.

शनिवारी सकाळी ब्रूस आणि मधुकर शिरीषच्या घरी गेले. दमयंतीबाई, शिरीषची आई, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या. साडीवर शिरीषचं जाड फ्लीस जॅकेट, पायांत मोजे. पत्राची झेरॉक्स त्यांनी समोर घेतली, चष्मा लावला आणि सवयीने हातात पेन्सिल धरली. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिल कागदावर टेकली आणि टिंबं देत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच.

“हे कधीचं म्हणालात, मधुकरराव?”

“चव्वेचाळीस सालचं.”

“तुमचा जन्म?”

“अठ्ठावन्न.” हा काय प्रश्न, असं त्याला वाटलं.

“म्हणजे तुम्ही नव्या नियमांत शिकलात.” त्या शांतपणे बोलत होत्या. “आम्हाला लहानपणी ‘नाहीं’वर अनुस्वार दिला नाही तर हातावर पट्टी बसायची. ‘युद्धांत’, ‘तूं’, ‘राहूं’, ‘कधीं’, ‘नाहीं’. उच्चारात नसले तरी द्यायचेच. बासष्ट साली ते काढून टाकले. मी त्याच साली नोकरीला लागले, पोरांच्या वह्यांतून ते पुसण्यात माझी दोन वर्षं गेली. हा हवालदार चार ठिकाणी चुकलाय, ते ठीक. कच्चा माणूस एखादं टिंब विसरेल, एखादं नको तिथे देईल. पण ह्याने पाचच्या पाच गाळलेत. अगदी नियमाप्रमाणे.”

मधुकरने हातातला चहाचा कप बशीत नीट ठेवला.

“आई काय म्हणतेय?” ब्रूसने विचारलं. शिरीषचा चेहरा उतरला होता. त्याने इंग्रजीत सांगितलं, की चव्वेचाळीस साली मराठी असं लिहीत नसत. पत्र नंतरचं आहे. खोटं आहे.

“अरेरे, दादा!” शिरीष मधुकरकडे वळला. “कोणीतरी तुम्हाला फसवलं हो.”

ब्रूस कागदावरची टिंबं मोजत होता. तो मंद माणूस नव्हता, सावकाश माणूस होता. मोजून झाल्यावर त्याने विचारलं, “ह्या गावात मराठी लिहिता येणारे कितीजण आहेत?”

“आम्हीच,” शिरीष म्हणाला. “दोन घरं.”

“आणि गेल्या काही महिन्यांत ही बंदूक मॅडूशिवाय कोणी हाताळली?”

“मीच. तेल दिलं होतं ना मी तिला, मागच्या महिन्यात…” आणि बोलता बोलता शिरीष थांबला. ब्रूस त्याच्याकडे पाहत होता. ज्याचं मधलं टेबल ठरलेलं होतं त्याच्याकडे, ज्याच्या हातात बंदूक आठवडाभर होती त्याच्याकडे, ज्याच्या आईने पत्र इतक्या पटकन खोटं ठरवलं होतं त्याच्याकडे.

“मॅडूचं हसं व्हावं म्हणून कोणी असं केलं असेल,” ब्रूस हळूच म्हणाला, “तर मला ते पोलिसांना कळवावं लागेल. खोटे कागद करणाऱ्याकडे लायसन राहत नाही.”

आता खरं सांगायचं तर मधुकरला त्या क्षणी गोड वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं गोडच. त्याला काहीही करायचं नव्हतं. नुसतं खुर्चीत बसून राहायचं होतं. पे-बुक, फोटो, मृदुलाचं ‘नाव काढलं हं’, सगळं आपोआप संपत होतं, आणि वर मधुकर बिचारा ठरत होता. तो गप्प बसला.

“ब्रूस, मी नाही केलं,” शिरीष म्हणाला. “दादा, सांगा ना त्यांना. तुम्ही ओळखता मला.”

मधुकर बशीकडे पाहत राहिला.

“माझ्या मुलाला चार ओळी धड मराठीत लिहिता येत नाहीत,” दमयंतीबाई म्हणाल्या. “इंग्लिश मीडियमचा आहे तो. पण हे ह्या साहेबांना सांगून पटायचं नाही, मी आई पडले.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “ज्याने लिहिलं त्याला नियम चांगले येतात. त्याच्या मास्तरांनी मन लावून शिकवलंय.”

त्यांनी बोट दाखवलं नाही, आवाज चढवला नाही. चुकलेल्या विद्यार्थ्याने स्वतःहून उभं राहावं म्हणून मास्तरीणबाई वाट पाहतात, तशी त्या वाट पाहत होत्या. शिरीष अजून दादाकडेच पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत अजूनही शंका नव्हती. ते मधुकरला सोसेना.

“इट वॉज मी,” तो ब्रूसला म्हणाला. “मी लिहिलं. मीच ठेवलं.”

ब्रूसने डोळे मिटले.

“का पण, दादा?” शिरीषने विचारलं.

“तुझ्यावर जळत होतो.” शब्द बाहेर पडल्यावर ते किती लहान आहेत हे मधुकरला ऐकू आलं. “पे-बुक आलं त्या दिवसापासून. तू पाया पडलास तेव्हासुद्धा.”

शिरीष मान हलवत होता. ते त्याने ऐकलं, गिळलंही. माफसुद्धा केलं असतं कदाचित, तसा स्वभावच होता त्याचा. पण मग त्याच्या लक्षात काहीतरी आलं आणि तो हळूहळू सरळ झाला.

“मगाशी मी तुम्हाला विचारलं,” तो म्हणाला. “सांगा ना, म्हटलं. तेव्हा तुम्ही बशीकडे बघत होता.”

मधुकरने बशी बाजूला सारली.

दोन वर्षांत शिरीष त्याच्याशी मराठी सोडून कधी बोलला नव्हता. ऑफिसातल्या चार गोऱ्यांसमोरसुद्धा फोनवर ‘दादा, बोला’ म्हणायचा. आता त्याने उठून दार उघडलं, बाहेरची थंडी आत आली, आणि काउंटरवरच्या कारकुनाने बोलावं इतक्या सभ्यपणे तो म्हणाला,

“मिस्टर देवस्थळी, आय थिंक यू शुड गो.”