चमेलीच्या निरोगी हिरड्या

“श्रीमती चमेली पुनाराम पंधरे यांची मुखतपासणी शिबिरात विधिवत करण्यात आली. दात : बत्तीस. हिरड्या : निरोगी. सबब, त्यांच्या फुफ्फुसविकाराबाबत वा मृत्यूबाबत कोणासही दोष देता येत नाही.”

जिल्ह्याहून आलेलं पत्र रीनानं इथवर वाचलं, तोच ओसरीवर बसलेल्या तिच्या बापानं, पुनारामनं, हात वर केला.

“बत्तीस? त्यातले सात तं पडले तसे मीच घराच्या कवेलूवर फेकलो.”

मेल्यावर का होईना, सरकारनं चमेलीला सात दात परत केले होते. जिवंतपणी तिला भात चावता येत नव्हता, ती पेजेवर होती; पण या तपशिलासाठी छापील नमुन्यात रकाना नव्हता.

शिबिर झालं २०११च्या डिसेंबरात, दरेकशाजवळच्या त्यांच्या गावच्या शाळेत. चमेलीनं जन्मात विडी ओढली नव्हती. चुलीचा धूर मात्र तीस वर्षं ओढला, आणि धाप हीच तिच्या श्वासाची रीत होऊन बसली. हिरड्या ठणकत, रक्त येई, म्हणून ती गुडाखू घासे. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा हिरडी बधिर करतो, आणि बधिर होण्यालाच गावात आराम पडला म्हणतात. डॉक्टर तोंड पाहणार म्हणून त्या सकाळी तिनं मुद्दाम दोनदा घासला, चुळा भरल्या, धुवट लुगडं नेसून रांगेत उभी राहिली. टेबलामागे केशोराव नावाचा तपासनीस होता. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, कार्ड हातात दिलं. तिनं आ केला तेव्हा तो पुढच्या बाईचं नाव लिहीत होता.

जानेवारीत तिचा दम पुन्हा उसळला. वर्षभरातली ही तिसरी खेप. गोंदियाच्या छातीच्या डॉक्टरनं मात्र बॅटरी लावून तिचं तोंड पाहिलं आणि पुनारामला बाजूला घेतलं.

“भाऊ, हिच्या हिरड्यांत पू आहे. तो झोपेत सांसीबरोबर खाली उतरते. छाती पहिलेच खराब, त्यात रोज नवी घाण. मी इकडून औषध देऊन राहिलो, अन् तोंड तिकडून आजार देऊन राहिलं. पहिले दातवाल्याले दाखवा.”

हिरड्या सुधारल्यानं फुफ्फुस नवं होत नाही, हे त्यानं लपवलं नाही. दम कदाचित कमी वेळा उसळेल, एवढंच म्हणाला. पुनारामला तो ‘कदाचित’ पुष्कळ होता.

दातांचा डॉक्टर तालुक्याला महिन्यातून एकदा येई आणि शिबिरानं पाठवलेलीच नावं घेई. पुनाराम बायकोला घेऊन गेला. खिडकीतल्या कारकुनानं कार्ड वाचलं आणि निरोगी हिरडीवर इलाज कसला करायचा, असं विचारलं. एकदा पाहून तरी घ्या, म्हणून पुनारामनं विनवलं. चमेलीनं पदर सारला आणि चारचौघांसमोर बोटानं वरचा ओठ उचलून धरला. कारकुनानं पुन्हा कार्डच पाहिलं.

“बाई, कागदावर तं तू चांगली आहेस.”

परतीच्या गाडीत पुनाराम खिडकीकडे तोंड करून बसला होता. तिनं कोपरानं त्याला ढोसलं.

“काऊन रडून राहिले जी? सायबानं चांगली म्हटलं ना मले.”

हसताना तिला ढास लागली, ती गाव येईस्तोवर थांबली नाही. फेब्रुवारीत आणि मार्चात ते पुन्हा त्या खिडकीशी गेले. कार्ड तेच होतं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती गेली.

तक्रार रीनानं लिहिली. तिच्यात प्रश्न एकच होता : माझ्या आईच्या तोंडात कोणी पाहिलं? त्याचं हे उत्तर यायला वर्ष लागलं. चौकशीअंती हेतू दूषित आढळला नाही, प्रकरण दप्तरी दाखल, असा शेवट करून खाली केशोरावच्या जबाबाची नक्कल जोडली होती. जोडणाऱ्यानं आणि सही करणाऱ्यानं ती वाचली असावी, असं मानायला आधार नाही. रीनानं ती मनाशी वाचली आणि कागद दुमडायला घेतला.

“वाच,” पुनाराम म्हणाला. “काही सोडू नोको.”

तिनं वाचलं :

“डॉक्टरांकडे महिन्याला वीसच नावं पाठवायची, असं मला वरून सांगितलं होतं. वीस नावं पहिल्याच गावात भरली. पुढच्या गावांत पाहिलं असतं तर दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर लिहावं लागलं असतं. म्हणून मी पाहिलं नाही.”