डब्यावरचं नाव

डबा उघडायच्या आधीच माझं डोकं फिरलं. झाकणावर आमच्या नवऱ्याचा फोटो, मिशीला पीळ दिलेला, आणि खाली ठळक अक्षरांत 'उस्ताद कडूबा यांच्या हातचा शिकारी चाकू'. शिकार कसली डोंबलाची! शिकारीला बंदी आहे. हे चाकू घेणारे लोक डोंगरात तंबू ठोकतात आणि कांदे चिरतात. पण पाठीवर ओझं नको म्हणून त्यांना चाकू हलका लागतो, आणि हलका चाकू करणं म्हणजे खेळ नाही.

ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून ठोकायचा, पातळ करायचा, शेवटी पुन्हा तापवून पाण्यात बुडवायचा. पातळ पातं जरा जास्त तापलं की कामातून गेलं, म्हणून लोखंडाचा रंग ओळखावा लागतो. नवऱ्याचा एक डोळा ठिणगीनं गेला आणि दुसऱ्याला लाल-पिवळं एकच दिसतं. तेव्हा दुसरबीडच्या रस्त्याकडेच्या आमच्या भट्टीवर सांडशी धरून मी बसते आणि घण तो मारतो. लोहारांत असतं उलटं. पुरुष बसतो, बाई घण मारते. म्हणून गाडी थांबली की हा खाकरणार, मी उठणार आणि आम्ही जागा बदलणार. लोक काय म्हणतील! लोकांना काय करायचंय, चाकू कापतो की नाही तेवढं बघा ना. पण नाही, इतकी वर्षं हा तमाशा चालू आहे.

डबे घेऊन आला होता दीपक, नाशिकचा दुकानदार, आमचे चाकू नेऊन विकणारा. सोबत कॅमेरा. "उस्ताद, एक चाकू करून दाखवा. गिऱ्हाइकांना बघायचंय."

नवरा खाकरला. मी हलले नाही. तो परत खाकरला, मग हळूच म्हणाला, "अवं, ऊठ ना. ते पाहून राह्यले."

उठले. याची लाज झाकायचा मक्ता माझ्याकडेच ना!

तो बसला. ठोकून झालेलं पातं शेवटचं भट्टीत गेलं. रंग चढत चढत पिकल्या बोरासारखा झाला. मी म्हटलं, "काढा." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाई उस्तादाला शिकवते हे कॅमेऱ्यात कसं यावं? पातं पांढरं पडलं, त्यातून ठिणग्या उडायला लागल्या, तेव्हा कुठे बाहेर काढलं. कॅमेऱ्यासाठी मला उगाच एक घण मारायला लावला आणि पातं पाण्यात बुडवलं. कडकन आवाज आला. पातं उभं तडकलं होतं.

"काय झालं?" दीपकनं विचारलं.

आणि माझा नवरा म्हणाला, "हिचा घण वाकडा पडला."

माझा घण! अंगाचा नुसता भडका उडाला. मी घण खाली टाकला.

"उठा."

"अवं, पण..."

"उठा म्हन्ते ना!"

उठला. मी बसले, नवा पाटा भट्टीत घातला, रंग आला तसा काढला आणि त्याला म्हटलं, "हाना." तो मुकाट्यानं घण मारत राहिला. दुपार कलली तेव्हा चाकू तयार झाला.

दीपकनं तो बोटावर तोलून पाहिला. "वा, मावशी! हाच तो हलकेपणा. पण नाव उस्तादांचंच राहू द्या. डबे छापून झालेत."

"मंग डबेच इका," मी म्हटलं आणि चाकू त्याच्याकडून काढून घेतला.

तो नवऱ्याकडे वळला. "उस्ताद, तुम्ही तरी यांना समजवा."

नवरा घामानं निथळत उभा होता. त्यानं घण खाली ठेवला. मग म्हणाला, "मले रंग दिसत नाही, साहेब. सारे चाकू हिचेच हायेत. एकूण एक."

दीपकनं मोबाइल काढला. "ठीक आहे, नवे डबे छापतो. मावशी, तुमचं नाव काय?"

हे ऐकून तर मी जास्तच पेटले. दर खेपेला माझ्या हातचा चहा पिऊन गेलेला माणूस!

"मले काऊन इचारता? ह्याईले इचारा."

चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. नवऱ्यानं कपाळ पुसलं, कॅमेरा बंद झालाय का ते पाहिलं.

"चालूच राहू द्या तो," मी दीपकला म्हटलं.

"रुखमाबाई," नवरा पुटपुटला.

मी म्हटलं, "मोठ्यानं."