मागच्या घराची घरपट्टी

"हे घर माझं नाही हो बाई. मी आपली पाहुणी. पोरगा आला की निघते मी," असं म्हणून नोराने कौन्सिलच्या बाईंपुढे बिस्किटांची ताटली सरकवली.

ग्लेन्डाच्या हातातली चहाची किटली तशीच हवेत राहिली. दाराशी उभा असलेला तिचा नवरा क्लाइव्ह उगाचच खाकरला.

गावची घरपट्टी बघणाऱ्या कौन्सिलच्या या बाईंचं नाव पॉला हेब्डन. पन्नाशीच्या, शांत चेहऱ्याच्या. पावसात भिजलेला कोट त्यांनी घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता. "कुठला पोरगा, आजी?" त्यांनी विचारलं.

"माझा नातू. रॉबिन. घर त्याचंच आहे की. हिनं मला इथं आणून बसवलंय," नोराने आपल्या मुलीकडे, ग्लेन्डाकडे बोट दाखवलं. "घ्या ना बिस्किट. मऊ पडलीयेत जरा."

स्कार्डेल गावातल्या वरच्या आळीला, जिथून समुद्र दिसतो पण ऐकू येत नाही, तिथे ग्लेन्डाचं घर होतं. घरामागे पूर्वी मोटारीची शेड होती. रॉबिनने मासेमारीला सुरुवात केली तेव्हा क्लाइव्हने स्वतःच्या हाताने त्या शेडचं घर केलं. एक खोली, कोपऱ्यात ओटा, न्हाणीघर आणि स्वतंत्र दार. पहाटे उठून जाणाऱ्या पोराची खुडबुड नको आणि त्याच्या बुटांचा वास तर मुळीच नको, असं तेव्हा ग्लेन्डाच म्हणाली होती. स्वतंत्र दार आणि स्वतंत्र चूल, म्हणून कौन्सिलने ते वेगळं घर धरलं आणि त्याची वेगळी घरपट्टी रॉबिनच्या नावावर लावली. रॉबिन ती भरायचा आणि दर वर्षी आईला चिडवायचा, "बघ, घरमालक आहे मी. आत यायचं तर दार वाजवून ये."

एका फेब्रुवारीत तो सकाळी एकटाच खेकड्यांचे सापळे उचलायला गेला. दुपारी दुसऱ्या एका नावाड्याला त्याची होडी दिसली. इंजिन चालू होतं आणि होडी एकाच जागी गोल गोल फिरत होती. निम्मे सापळे होडीत, निम्मे पाण्यात. रॉबिन नव्हता. सापळ्यांचा दोर पायात अडकला असणार, असं किनाऱ्यावरचे जाणते लोक म्हणाले. बचावाची होडी फिरली, हेलिकॉप्टर फिरलं. समुद्राने काही परत दिलं नाही.

चर्चमध्ये शवपेटीशिवाय प्रार्थना झाली. काही वर्षांनी क्लाइव्ह कोर्टात जाऊन मृत्यूचा दाखला घेऊन आला. त्या दिवशी ग्लेन्डा नेहमीसारखी कामावर गेली. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुलांचं जेवण करायची. त्या दिवशी तिने बटाटे उकडले, कस्टर्ड ढवळलं, आणि घरी आल्यावर दाखल्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. क्लाइव्हनेही कौन्सिलला काही कळवलं नाही. मागच्या घराची घरपट्टी रॉबिनच्याच नावाने येत राहिली आणि क्लाइव्ह ती भरत राहिला.

ग्लेन्डा दर शनिवारी तिथल्या पलंगाची चादर बदलायची. खिडकी उघडायची, हीटर लावायची, आणि मग पलंगाच्या कडेवर बसून राहायची. काय करतेस, असं क्लाइव्हने विचारलं की म्हणायची, "कोंदट वास मारतो रे, हवा खेळवते." लोकांना बंद घरात काही दिसेल याची भीती वाटते. ग्लेन्डा काहीतरी दिसावं म्हणून बसायची. दाराची कडी हलावी, बूट आपटल्याचा आवाज यावा. एकदाच. पण बाहेर समुद्रपक्षी ओरडायचे, आणि आत हीटर तेवढा टकटकायचा.

गेल्या हिवाळ्यात नोरा हल शहरातल्या आपल्या घरात पडली. हाड जुळलं, पण डोकं जागेवर राहिलं नाही. गॅस चालू ठेवायची. मेलेल्या शेजारणीला हाका मारायची. तिला इकडे आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ग्लेन्डाच्या घरातला जिना तिला चढवत नव्हता, म्हणून तिला मागच्या घरात ठेवायचं ठरलं. रॉबिनचे कपडे ग्लेन्डाने स्वतः खोक्यांत भरले. क्लाइव्ह मदतीला आला तेव्हा तिने त्याला परत पाठवलं.

नोरा रुळली. आणि एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाली, "रॉबिन येऊन गेला. ओले बूट बाहेर काढ म्हटलं, तर ऐकतो कुठं!"

"आई, पुरे!" ग्लेन्डा ओरडलीच.

पण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तिने पाठमोरीच विचारलं, "काय घातलं होतं त्यानं?"

"निळा स्वेटर. कोपरावर उसवलाय. सांगितलं, ठेवून जा, शिवून देते. तर म्हणतो, राहू दे आजी."

तो स्वेटर नोरानेच विणला होता, तेव्हा तिला तो आठवणारच, असं ग्लेन्डाने स्वतःला बजावलं. पण त्या सकाळी त्याच्या अंगात तोच होता, हे तिने आईला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर शाळेतून आली की काहीतरी निमित्त काढून ती मागच्या घरात जायची. कधी औषध, कधी धुतलेले टॉवेल.

"अगं, आत्ताच गेला," नोरा म्हणायची. "तू आलीस की नेमका गेलेला असतो."

ग्लेन्डा मान डोलवायची आणि टॉवेल कपाटात ठेवायची. इतकी वर्षं ती इथे बसली तर तो आला नाही. आणि तो गेल्याचंच जिला आठवत नाही, तिच्याकडे मात्र रोज येऊन बसतो. आपल्याच म्हाताऱ्या आईचा तिला हेवा वाटायचा. मग रात्रभर त्याची लाज वाटायची.

घरपट्टीचं क्लाइव्हला कामावर कळलं. म्हातारे आईवडील अशा जोडघरात राहत असतील तर त्या घराची पट्टी माफ होते, असं कुणीतरी म्हणालं. नोरा ग्लेन्डाची आई, म्हणून अर्ज ग्लेन्डाच्या नावाने गेला. ती सही करून मोकळी झाली. पण कौन्सिलच्या दप्तरी त्या घरात दुसराच माणूस राहत होता. म्हणून आज पॉलाबाई आल्या होत्या.

"आजींचं घर म्हणायचं ते हेच, एवढीच खात्री मला करायची आहे," पॉलाबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे रॉबिन वॉर्डल असं नाव आहे. ते राहतात का इथं?"

"नाही," क्लाइव्ह म्हणाला. "तो गेला."

"गेला म्हणजे? दुसरीकडे राहायला गेला?"

त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं होतं. ग्लेन्डाने किटली खाली ठेवली.

"गेला कुठला! काल तर इथं बसला होता," नोरा म्हणाली.

पॉलाबाईंचं पेन थांबलं. "मग झोपायला इथंच असतात का, आजी?"

"छे, झोपतोय कसला! नुसता बसतो. भिजलेला असतो ना."

पॉलाबाईंनी ग्लेन्डाकडे पाहिलं, मग क्लाइव्हकडे.

"बाई, आमचा मुलगा समुद्रात गेला," क्लाइव्ह म्हणाला. "सापडला नाही. दाखला आहे माझ्याकडे. तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं. माझंच चुकलं."

पॉलाबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "माफ करा. मला फक्त नाव दिलं होतं हो, बाकी काही ठाऊक नव्हतं." आणि मग ग्लेन्डाकडे वळून, हलकेच, "आजींचं बोलणं मी धरणार नाही. पण अर्ज तुमचा आहे. इथं कोण राहतं आणि रॉबिन कधीपासून राहत नाहीत, हे तुमच्या तोंडून यायला हवं. आज नको असेल तर मी पुन्हा येईन. घाई नाही."

"नको सांगूस," क्लाइव्ह एकदम म्हणाला. "मी भरतो ना. इतके दिवस भरलीच की. राहू दे त्याचं नाव."

ग्लेन्डाने त्याच्याकडे पाहिलं. दाराच्या चौकटीला रेलून तो उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेत होता. त्याचे गुडघे कधीचेच गेले होते. तरी हिवाळ्यात पर्यटकांच्या रिकाम्या कॅरॅव्हॅनखाली, त्या चाकांवरच्या घरांखाली, सरपटत जाऊन तो फुटलेले नळ बदलायचा. कशाला करतोस रे या वयात, म्हणून ती त्याच्यावर किती वेळा चिडली होती. "घरी बसून काय करू?" एवढंच तो म्हणायचा. रॉबिनच्या नावाची पट्टी कुठल्या पैशांतून भरली जात होती, ते तिला आत्ता कळलं.

"इथं माझी आई राहते," ग्लेन्डा म्हणाली.

"आणखी कोणी?"

"कोणी नाही. एकटीच."

"आणि रॉबिन…"

"फेब्रुवारीची नऊ तारीख. सकाळी." तिने वर्षही सांगितलं. "चहासुद्धा न घेता निघाला होता."

"मी देते की त्याला चहा," नोरा म्हणाली. "तू नको काळजी करूस."

पॉलाबाईंनी चार शब्द लिहिले, उरलेला चहा उभ्यानेच संपवला, आणि जाताना नोराचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "येते मी, आजी. बिस्किटं छान होती."

महिन्याभरात उत्तर आलं. मागच्या घराची घरपट्टी माफ झाली होती. कागदावर नोराचं नाव होतं, दुसरं कुठलंच नव्हतं. क्लाइव्हने तो वाचला आणि ग्लेन्डापुढे धरला. "बरं झालं," ती म्हणाली. "आता त्या कॅरॅव्हॅनखाली जायचं नाही."

"नाही जात."

ती मागच्या घरात गेली तेव्हा उजेड उतरत आला होता. नोरा दिवा न लावता दाराकडे तोंड करून बसली होती. समोर भरलेला कप होता. चहा निवून त्यावर साय धरली होती.

"आई, चहा घेतला नाहीस?"

"माझा नाही तो." नोराने दारावरची नजर काढली नाही. "आजही आला नाही बघ. ती बाई येऊन गेल्यापासून फिरकलाच नाही. त्याला कुणी काही बोललं का गं?"

ग्लेन्डाने दुसरी खुर्ची ओढून आईच्या शेजारी ठेवली.

"कुणी काही नाही बोललं, आई," ती म्हणाली. "बाहेर वारा फार आहे."

"हां. वाऱ्यात कसा यायचा." नोराला ते पटलं. "पडेल वारा. मग येईल."

ग्लेन्डाने जाऊन दार थोडंसं उघडं केलं. गार, खारट हवा आत शिरली. पलंगावरचं पांघरूण काढून तिने आईच्या गुडघ्यांवर घातलं, आणि स्वतः कोट अंगात तसाच ठेवून तिच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसली.