दादांनी गोठवलेलं मशीन

काही बिघडलं की लोक सगळ्यात आधी काय करतात? साफसफाई! संगणकांतले पुरावे शोधणं हे माझं काम, आणि माझ्या आधी कुणी झाडू मारून गेलेलं नाही असं क्वचितच घडतं. कुणी मशीन बंद करून पुन्हा चालू करतं, कुणी 'नको ते' पुसून टाकतं, आणि मग मलाच विचारतात, "मॅडम, काही सापडलं का?" अहो, सापडायला काही ठेवलंत का! माझ्या सासूबाई म्हणतात, हिला चिडण्याचाच पगार मिळतो. म्हणोत बापड्या.

त्या इस्पितळातही मी चिडायच्या तयारीनेच गेले. तिथले एक्स-रे आणि तपासण्यांचे अहवाल क्लाउडवर होते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतल्या संगणकांवर, भाड्याच्या जागेत. एका भर दुपारी ते भराभर पुसले जायला लागले. निम्मेअधिक गेले, मग थांबले. पुसणाऱ्याने कुणाची डिजिटल किल्ली वापरली हे नोंदीत स्वच्छ दिसत होतं. ती किल्ली होती तिथली सिस्टिम सांभाळणाऱ्या दादांची. त्यांना सगळेच दादा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. आता तेच दादा घरी बसले होते. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती, आणि त्यांना काढून टाकून पोलिसात तक्रार द्यायची हे जवळपास ठरलंच होतं. असा शिक्का एकदा बसला की या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

"माणूस सापडलाय. तुम्ही फक्त अहवाल द्या," संचालक म्हणाले. "आणि ऐका, मी त्याच्या डोक्यावर उभा राहून सांगत होतो, ज्या मशीनवरून हे पुसणं चाललंय ते उडव, नवीन चालू कर, बाहेर पेशंट खोळंबलेत. ऐकेल तर शपथ! उलट त्याला कुलूप घालून बसला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?"

"कुलूप घातलं म्हणजे नक्की काय केलं?"

"गोठवलं म्हणाला. म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक."

मी खुर्चीत ताठ झाले. क्लाउडवरचं मशीन म्हणजे काही लोखंडी डबा नव्हे. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अशी आभासी मशीनं डझनांनी चालतात. हुकूम दिला की जन्माला येतात, काम संपलं की नाहीशी होतात, आणि मागे पिशवीत भरून न्यायला काहीसुद्धा उरत नाही. बंद केलं तरी त्याच्या मेमरीत त्या क्षणी जे चाललं होतं ते गेलंच. पण गोठवलं तर? कांदा चिरता चिरता कुणी हाक मारली म्हणून उठून जावं, तसं सगळं जिथल्या तिथे राहतं. सुरी तिथेच, अर्धा कांदाही तिथेच.

"आहे का अजून ते?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"आहे की. कुलूपच काढता येत नाही मला!"

मला त्या न पाहिलेल्या माणसाला कडकडून मिठी मारावीशी वाटली.

कुलूप उघडायला दादांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी आली. दिवसभर किलबिलाट करायची म्हणून तिचं नाव चिमणी पडलेलं. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "दादा असं करणार नाहीत हो," एवढंच एकदा म्हणाली. मी म्हटलं, "ते मशीनला सांगू दे." आमच्यात मूळ पुराव्याला कधी हात लावत नाहीत. मी गोठवलेल्या मशीनची हुबेहूब प्रत काढली, प्रत आणि मूळ जुळतात हे तपासलं, आणि प्रतीवर कामाला लागले. संचालक मागे येरझाऱ्या घालत होते. त्यांना दोनदा बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा नुसतं बघितलं.

मेमरीत एक साफसफाईचा प्रोग्रॅम अर्ध्यावर थांबलेला होता. सरावासाठी वेगळं कोठार ठेवलेलं असतं, तिथल्या खोट्या फायली पुसायचं त्याचं काम. मशीनवर नाव दादांच्या मशीनचं, खिशात किल्लीही दादांची. पण जन्म? जन्म त्याच दुपारचा! दादांचं मशीन तर वर्षभर चालत होतं. म्हणजे ही कुणाची तरी नक्कल होती, कुठल्याशा साच्यातून काढलेली.

"सरावाच्या मशीनांचा साचा कोण बनवतं इथे?" मी विचारलं.

चिमणी पांढरीफटक पडली. "मी," ती म्हणाली. "दादांचं मशीन कधी कुरकुरत नाही, सगळं नीट बसवलेलं आहे. म्हणून अख्खंच उचलून त्याचा साचा केला. दर वेळी पहिल्यापासून सगळं बसवत कोण बसणार?"

आणि त्या नीट बसवलेल्या सगळ्यात दादांची किल्लीही होती. साच्यातून निघालेलं प्रत्येक मशीन ती घेऊनच जन्माला येत होतं. सरावाच्या किल्लीने फक्त सरावाचं कोठार उघडलं असतं. दादांच्या किल्लीने सगळीच दारं उघडली, आणि साफसफाईवाला इमानेइतबारे आत शिरून झाडत सुटला.

चिमणीला मी काही समजवायच्या आतच तिला सगळं समजलं. डोळे भरून आले, पण ती उठून संचालकांसमोर उभी राहिली. "उद्या समितीसमोर मीच सांगते, सर. दादांना आत्ताच्या आत्ता फोन करा, त्यांना आणखी क्षणभरही टांगणीला ठेवू नका." लपवायला तिला भरपूर वाव होता. मी आजवर मोठमोठ्यांना अशा वेळी लपायला कोपरे शोधताना पाहिलंय. तिचे आभार मला तेव्हा मानता आले नाहीत, म्हणून इथे मानते.

संचालकांनी फोन केला. "चुकलं माझं," हे दोन शब्द त्यांना जड गेले, पण म्हणाले. अहवाल जुन्या प्रतींवरून परत आणता आले. समितीने चिमणीला झापलं, आणि ठेवूनही घेतलं. तिच्यासाठी दादाच भांडले म्हणे.

मी सामान आवरत होते तेव्हा दादा भेटायला आले. बारीकसा माणूस, शर्टाला इस्त्री नाही, दोन दिवसांची दाढी. हात जोडून म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उलटं बोलताय," मी म्हटलं. "तुम्ही ते गोठवलं नसतं तर मला काय कप्पाळ सापडलं असतं? डोक्यावर साहेब ओरडतायत, संशय तुमच्यावरच, आणि तरी तुम्ही हटला नाहीत. खरं सांगा, सुटका त्यातच आहे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"छे हो," ते म्हणाले. "मशीनवर माझं नाव होतं. त्या दुपारी मी एकदम तीन कामं करत होतो. मला वाटलं, माझ्याच हातून झालं."

"मग गोठवलंत कशाला?"

त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "माझ्या हातून झालं असतं, तर तेही कळायला नको होतं का?"

मी त्यांचे जोडलेले हात नुसते धरून ठेवले.