अस्सल कार्बोरेटर

आमच्या मंडळात मला सगळे 'कायदा' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि पाठीमागेही म्हणतात. पाठीमागे त्याला आणखी एक शब्द जोडतात, तो इथे सांगण्यासारखा नाही. जुन्या गाड्या उघडून बसणाऱ्या चार रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना मंडळ म्हणायचं का, असं माझी बायको विचारते. म्हणायचं. आम्ही आजवर अकरा गाड्या उभ्या केल्यात आणि एकीतही चुकीचा बोल्ट सापडणार नाही. त्याचं श्रेय माझं. पुढे जे झालं तेही माझंच. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उगाच कुणी मंडळातल्या मेकॅनिकला नाहीतर पत्रेवाल्याला बोल लावणार नाही.

आमचा एक नियम होता. आमचा म्हणजे मीच केलेला. गाडी पूर्ण झाल्याशिवाय शेडच्या बाहेर काढायची नाही. पूर्ण म्हणजे इंजिन, पत्रा, रंग, काचा, सीटचं रेक्झिन, सगळं कारखान्यातून निघताना होतं तसं. मग एखाद्या रविवारी सकाळी सगळ्यांनी जमायचं आणि मालकाने पहिली चक्कर मारायची. त्याआधी गाडी चालवायची नाही, मालकानेसुद्धा नाही. अर्धवट गाडी एकदा रस्त्यावर गेली की माणूस म्हणतो, चालतेय ना, मग राहू दे. आणि ती तशीच राहते. मी पाहिलंय हे, म्हणून बोलतो.

पाववाला माझा शाळेपासूनचा मित्र. बापाची बेकरी त्याने चाळीस वर्षं सांभाळली, म्हणून पाववाला. त्या बेकरीची एक पिकअप होती. गोल नाकाची, पुढे दोघांपुरती केबिन आणि मागे पावाचे ट्रे रचायला हौदा. त्याच्या बापाने तिच्या स्टिअरिंगला कुणाला हात लावू दिला नाही, पोटच्या पोरालाही नाही. "अठरा पूर्ण होऊ देत, मग बघू," म्हणायचा. आणि पोराला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने असताना त्याने ती विकून टाकली. हा किस्सा आम्ही इतक्यांदा ऐकलाय की पाववाल्याने श्वास घ्यायला थांबावं आणि पुढचं वाक्य पत्रेवाल्याने म्हणावं, असं चालायचं.

ती पिकअप पन्नास वर्षांनी सापडली. एका रोपवाटिकेत. हौद्यात माती आणि कुंड्या, केबिनमध्ये खताची पोती. बापाच्या जुन्या कागदांतला चासी नंबर पाववाल्याने ताडून पाहिला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिथेच चिखलात बसकण मारली. रोपवाटिकावाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. धावत पाणी घेऊन आला बिचारा.

गाडी आम्ही वखारीतल्या माझ्या शेडमध्ये आणली. त्याच आठवड्यात पाववाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेट माझ्याकडे आला आणि स्टुलावर बसला.

"काचबिंदू," म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत. फार पुढे गेलाय. कडेने अंधार येत येत मध्यापर्यंत येणार. औषध घालायचं, पण गेलेली नजर परत येत नाही."

"किती दिवस?"

"वर्षभर काही ना काही दिसेल म्हणतात. गाडी रस्त्यावर चालवायची नाहीच आता. मोकळ्या आवारात, दिवसाउजेडी, सहा-आठ महिने जमेल कदाचित." मग त्या गंजक्या सांगाड्याकडे बघत म्हणाला, "मला ही एकदा चालवायचीय रे. एकदाच. वखारीच्या गेटातून निघायचं, आवाराला वळसा घालायचा आणि परत यायचं. बाकी काही मागणं नाही."

"रडगाणं बंद कर," मी म्हणालो. "सहा महिन्यांत उभी करतो."

मी हा असाच बोलतो, त्याला सवय होती.

लागलो कामाला. पत्रेवाल्याने केबिनचा तळ कापून काढला, तर हातात नुसता भुगा आला. "ही गाडी नाही, ही रांगोळी आहे," तो म्हणाला. नवा पत्रा ठोकून त्याने जुन्या तळाच्या खाचा जशाच्या तशा उठवल्या, कारण मी मोजपट्टी घेऊन मागेच उभा होतो. मेकॅनिकने इंजिन खोललं. चारही पिस्टन अडकून बसले होते. आठ दिवस डिझेल ओतून भिजत ठेवले तेव्हा कुठे सुटले. पाववाला रोज यायचा. नट-बोल्ट घासून डब्यांत लावायचा, चहा आणायचा आणि आमच्या शिव्या खायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला सोडायला यायच्या आणि शेडच्या दाराशी थोडा वेळ उभ्या राहायच्या. आत काय चाललंय त्यात त्यांना रस नव्हता. त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या.

पाचव्या महिन्यात ब्रेक झाले, टायर चढले, वायरिंग झालं. अडलं ते कार्बोरेटरवर. मूळचा सडून गेला होता आणि त्या जातीचा दुसरा कुठे मिळेना. मी जगभर पत्रं पाठवली. एका संग्राहकाने कळवलं, आहे, पण शोधावा लागेल.

एका सकाळी मी शेडवर पोचलो तर आतून इंजिनाचा आवाज! मेकॅनिकने मला न विचारता त्याच्याकडे पडलेल्या एका टेंपोचा कार्बोरेटर बसवला होता. तो आणि इंजिन यांच्या मधे बसवायची चकती त्याने रात्रभर जागून स्वतः घासली होती. इंजिन दोनदा ठसकलं, काळा धूर ओकलं आणि मग असं एका लयीत चालू लागलं की पत्रेवाल्याने टोपी काढून हवेत उडवली. त्या गाडीला तेव्हा दारं नव्हती, बॉनेट नव्हतं, बसायला लाकडी खोकं होतं. पाववाला त्या खोक्यावर चढून बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"तापमानाचा काटा हलला बघ," तो ओरडला. "अर्ध्यावर आला!"

काटा दिसत होता त्याला. लहानसा, काळपट काटा.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "एक चक्कर मारू दे रे."

मेकॅनिक म्हणाला, "मारू दे. ब्रेक तूच तपासलेस. आवारात कुत्रंसुद्धा नाही. पहिल्या गियरमध्ये जाऊन येईल."

"आणि नियम?" मी म्हणालो.

"खड्ड्यात गेला तुझा नियम!"

माझं डोकं सटकलं. खरं तर मला न विचारता कार्बोरेटर बसवला याचाच राग होता, आणि तो मी भलत्यावर काढला. पाववाल्याजवळ गेलो आणि म्हणालो, "टेंपोच्या कार्बोरेटरवर चालवणार बापाची गाडी? मग ती बापाची कशी राहिली? पन्नास वर्षं थांबलास ते या खोक्यावर बसून फिरायला?"

त्याचा अंगठा स्टिअरिंगवर मागे-पुढे फिरत होता.

दारातून वहिनी म्हणाल्या, "भावजी, चालवू द्या ना आज. हात जोडते. आज दिसतंय त्यांना."

"वहिनी, तुम्हाला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. असंच म्हणालो, याच शब्दांत. "अजून दोन महिने. तेवढ्यात काही आभाळ कोसळत नाही."

पाववाल्याने इंजिन बंद केलं. "कायदा म्हणतोय तर राहू दे," म्हणाला आणि उतरला. वर हसून म्हणाला, "एवढं थांबलो, आता दोन महिन्यांनी काय होतंय." मला त्याचं हसणं पुरलं. माणसाला हवं तेच पुरतं. त्याच दुपारी मी स्वतःच्या हाताने तो टेंपोचा कार्बोरेटर काढून मेकॅनिकच्या पुढ्यात ठेवला. मेकॅनिक आठवडाभर आला नाही.

दोन महिन्यांचे सहा झाले. संग्राहकाने पाठवलेल्या कार्बोरेटरला तडा निघाला. तो परत गेला, दुसरा आला, त्यात पेट्रोल सोडणारा एक जेट नव्हता. रंगाचंही तेच. बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळ रंगाचा टिकलीएवढा तुकडा सापडला होता, त्याच्याशी जुळेना म्हणून मी पत्रेवाल्याला दोनदा सगळा रंग घासून काढायला लावला. तो तोंडातल्या तोंडात मला काय काय म्हणाला ते मला माहीत आहे.

आणि हे सगळं चालू असताना मला काही दिसलं नाही असं नाही. दिसत होतं. पाववाला पाना मागायचा, मी पुढे करायचो, आणि त्याचा हात पान्याच्या वीतभर बाजूला थांबायचा. जॅकच्या दांड्याला अडखळून त्याने नडगी फोडून घेतली. नट-बोल्टांचे डबे तो आता बोटांनी चाचपून ओळखायचा. एकदा वहिनींचा फोन आला. "भावजी, काल त्यांनी चहाचा कप टेबलाच्या बाहेरच ठेवला. हवेत. सरळ खाली गेला. मला म्हणाले, हात घसरला." मी म्हणालो, "पंधरा दिवस, वहिनी. फक्त पंधरा दिवस." आणि मी दुसऱ्या दिवशी काय केलं? मागच्या बंपरचा मुलामा डाव्या बाजूला फिका वाटला म्हणून तो परत पाठवला.

का, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. मीच विचारतो. मला वाटतं, ती पूर्ण होईल तेव्हा त्याला दिसायलाच हवं, असं मी मनात धरून बसलो होतो. आम्ही काम नीट केलं तर बाकीचं नीट होईलच. हा मूर्खपणा आहे, कळतंय मला. तेव्हा कळत नव्हतं.

अकराव्या महिन्यातल्या एका रविवारी गाडी पूर्ण झाली. खरंच पूर्ण. गडद हिरवा रंग, दारावर बेकरीचं नाव जुन्याच वळणात, आणि बॉनेटखाली अस्सल कार्बोरेटर, ज्यावर कोरलेला आकडासुद्धा बरोबर होता. सकाळी दहाचं लख्ख ऊन. मंडळाला ओळखणारे पंधरा-वीस जण जमले होते. वखारीचं मोठं गेट मी सताड उघडून ठेवलं. गाडीच्या नाकापासून फार तर पंधरा पावलं.

पाववाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. वहिनींचा हात धरून आला, पण तो नेहमीच धरायचा हल्ली. गाडीजवळ आल्यावर त्याने हात सोडला, मडगार्डवर तळवा ठेवला आणि तळवा न उचलता दारापर्यंत गेला. लोकांना वाटलं, मायेने हात फिरवतोय. मलाही तसंच वाटलं. तो आत बसला, चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. कसला आवाज! मेकॅनिकने डोळे पुसले. लोक टाळ्या वाजवू लागले.

गाडी हलेना.

मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. क्लच दाबलेला, पहिला गियर टाकलेला, आणि पाववाला समोर बघत बसलेला. "भरून आलंय त्याला," कुणीतरी म्हणालं. मी खिडकीशी गेलो आणि नेहमीच्या सुरात ओरडलो, "अरे सोड की क्लच! की मुहूर्त काढायचाय?"

तो माझ्या बाजूला वळला, पण त्याची नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी होती.

"गेट कुठंय?" त्याने हळूच विचारलं.

मी गेटाकडे पाहिलं. दहा फूट रुंद. त्यातून उन्हाचा एवढा लोळ आत येत होता की माझेच डोळे दिपत होते.

"समोर," मी म्हणालो. "समोरच आहे. उघडं."

"बरं," तो म्हणाला.

त्याने गियर काढला आणि इंजिन बंद केलं. अगदी सावकाश, काही बिघडू नये अशा बेताने. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मी बाजूला बसतो. सांगतो तुला. डावं-उजवं सांगत जातो."

"नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. "दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मधलं थोडं दिसायचं. आता उजेड कळतो, बस. तुझ्या वहिनीला मीच म्हटलं होतं, तुम्हाला कुणाला सांगू नकोस. म्हटलं, एवढे राबताहेत सगळे." त्याने चावी काढली. "त्या खोक्यावर बसलो होतो ना, त्या दिवशी मला सगळं दिसत होतं रे. पार भिंतीपर्यंत."

मागे लोक अजून टाळ्या वाजवत होते. कुणीतरी "होऊ दे, होऊ दे" म्हणून ओरडत होतं. वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पाववाल्याने दार उघडलं आणि उतरायला पाय बाहेर काढला. पायरी त्याला सापडेना. बूट हवेतच पुढे-मागे चाचपत राहिला. मी त्या चकचकीत रंगाजवळ गुडघे टेकले, त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि पायरीवर ठेवलं.