ऑस्टबीला घरी बसवायचं

"मिस्टर ऑस्टबी, तुमची बंदूक तुम्ही शेवटची कधी साफ केलीत?"

विचारून टाकलं! मॅरेन किवेलाचे कान तापले होते, पण प्रश्न अगदी स्पष्ट बाहेर पडला होता आणि याचं नवल तिचं तिलाच वाटलं. मागच्या बाकावर तिच्या संघातल्या मैत्रिणी, शेल्बी आणि टीगन, नॅपकिनमध्ये तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. "सगळ्यांसमोर विचारून दाखव, मग तुझी काडतुसांची पिशवी मोसमभर आम्ही वाहू."

बंदूक क्लबच्या शरदातल्या जेवणाला निवडणुकीच्या वर्षी झाडून सगळे उमेदवार येतात. हरणाच्या मांसाची चिली, म्हणजे तिखटजाळ रस्सा, ओरपायची, चार वाक्यं बोलायची आणि दिसेल त्याच्याशी हात मिळवत सुटायचं. आमदार वेड ऑस्टबीची चार वाक्यं नुकतीच झाली होती. "मी तुमच्यातलाच आहे. माझ्याही घरी बंदूक आहे," वगैरे.

आता तो हसला. प्रचाराच्या फलकावर हसतो अगदी तस्सा.

"साफ? अगं, माझी गाडी आणि माझी बंदूक, दोन्ही मी सरळ दुकानात देऊन टाकतो!"

कुणी हसलं नाही. हॉलमध्ये फक्त चमच्यांचा आवाज, तोही थांबला. इथे आपली बंदूक दुसऱ्याकडून साफ करून घेणं म्हणजे आपले दात दुसऱ्याकडून घासून घेणं. ऑस्टबीला काय चुकलं ते कळलं नाही, पण काहीतरी चुकलंय एवढं कळलं. मग त्याने मॅरेनच्या वडिलांना शोधून काढलं.

"लाइल, तुझी ना ही? जीभ भारी चालते पोरीची. घरी जरा वळण लाव बाबा!"

आता मात्र पुढाऱ्यांच्या टेबलावर हशा झाला. लाइल किवेलाचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. तीन निवडणुका याच माणसाने ऑस्टबीचे फलक अख्ख्या गावाच्या अंगणात ठोकले होते, थंडीत, स्वतःच्या हातोडीने.

"मॅरेन, बस खाली," तो पुटपुटला.

ती बसली. पण नजर ऑस्टबीवरच ठेवून.

आता ऑस्टबीने काय केलं होतं ते सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये त्याने छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, "मी विधानसभेत आहे तोवर तुमच्या नेमबाजीच्या मैदानाला कुणी बोट लावणार नाही." आणि यंदाच्या वसंतात त्याच हाताने त्याने बंदुकांच्या नव्या कायद्याच्या बाजूने मत दिलं. अठराच्या आतल्यांनी बंदूक चालवायची तर फक्त राज्याने मंजूर केलेल्या मैदानावर. मंजुरीला हवेत काँक्रीटचे बांध, दिवे, पगारी तपासनीस. क्लबच्या मैदानाला होती एक लाकडी झोपडी, बटाट्याच्या शेतामागची पडीक जमीन आणि मातीच्या तबकड्या हवेत भिरकावणारं एक कुरकुरणारं यंत्र. कायदा एका मताने पास झाला, आणि लगोलग ऑस्टबी एका मोठ्या समितीचा अध्यक्ष झाला! नवीन वर्ष लागलं की या मैदानावर सराव करणारा शाळेचा नेमबाजीचा संघ बंद.

आणि संघ बंद म्हणजे मॅरेन बंद. नववीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीला "हो" म्हणतानाही अडखळायची. मग डॅडने तिला मैदानावर नेलं. दोन उन्हाळे तिने मासेमारीच्या आमिषांच्या दुकानात गांडुळं मोजून स्वतःची बंदूक घेतली, दोन नळ्यांची, मधोमध दुमडणारी. पहिली तबकडी फुटून तिचा केशरी धुरळा झाला तेव्हा तिच्या तोंडून जी आरोळी निघाली, ती म्हणे रस्त्यापर्यंत ऐकू गेली. तेव्हापासून तिचा आवाज काही परत आत गेला नाही. आणि आता कुणी हसतमुख माणूस तो काढून घेणार?

"मी त्याला घरी बसवणार," घरी जाताना तिने मैत्रिणींना सांगितलं.

"तू? तुला अजून मतसुद्धा नाही," शेल्बी म्हणाली.

"बघच तू."

संधी त्यानेच आणून दिली. क्लबवाले रुसलेत हे कळल्यावर त्याने प्रचाराची फिल्म त्यांच्याच मैदानावर काढायचं ठरवलं. शनिवारी सकाळी तो कॅमेरावाल्यांना घेऊन हजर झाला, अंगात भडक नारिंगी जाकीट. घडीच्या रेषासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"अगं बाई," टीगन कुजबुजली, "हा हरणांना मारायला आलाय की तबकड्यांना?"

नारिंगी घालतात ते जंगलात, दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये म्हणून. तबकड्यांच्या मैदानावर नारिंगी घालून येणं म्हणजे पोहायला रेनकोट घालून येणं. बाकावरचे म्हातारे सभासद बुटांकडे बघत गालातल्या गालात हसले.

त्या दिवशी मैदानाच्या सुरक्षेची शिट्टी मॅरेनच्या गळ्यात होती. क्लबमध्ये हे काम पाळीने मुलांनाही मिळतं, आणि शिट्टी ज्याच्या गळ्यात त्याचा शब्द शेवटचा. नवख्या माणसाला नियम सांगणं हे तिचं काम.

नाही सांगितले तर? हा विचार तिच्या डोक्यात आला, खोटं कशाला बोला. गप्प राहायचं, त्याला कॅमेऱ्यासमोर धडपडू द्यायचं. पण इथे गंमत बंदुकीची होती, आणि बंदुकीच्या बाबतीत तिच्याच्याने गप्प राहवेना. तिने सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. फक्त गोड आवाजात, घाई करत, तो केस सारखे करत असताना.

"बंदूक कायम उघडी ठेवायची, दुमडून. आपली पाळी आली, आपल्या जागेवर उभे राहिलात, नळी मैदानाकडे, की मगच काडतूस, एकच, आणि मगच बंद. पाऊल उचलायच्या आधी परत उघडायची. कळलं ना, सर?"

"हो हो, पोरी. मी काय आजच बंदूक बघतोय?" तो कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला.

त्याने दोन काडतुसं भरली. एक झाडलं. तबकडी मजेत गवतात जाऊन बसली. "काही हरकत नाही," कॅमेरावाला म्हणाला, "आता बंदूक घेऊन इकडे चालत या. रुबाबात!"

आणि ऑस्टबी रुबाबात निघाला. बंदूक बंद. बोट चापावर. कॅमेरावाला म्हणाला, "इकडे बघा," तर याने नुसतं बघितलं नाही, अख्खा वळला, नळ्यांसकट. त्या नळ्या बाकावरून फिरल्या. म्हाताऱ्यांवरून, शेल्बीवरून, आणि टीगनच्या छातीसमोर येऊन क्षणभर थांबल्या.

टीगन हसत होती. हसता हसता तिचा चेहरा कोरा झाला.

मॅरेनने शिट्टी अशी फुंकली की पलीकडच्या शेतातली बदकं उडाली. "सगळ्या बंदुका उघडा!"

सगळ्यांच्या उघड्याच होत्या. एक सोडून. ती तरातरा गेली, डाव्या हाताने नळी जमिनीकडे दाबली, उजव्या हाताने बंदूक काढून घेतली आणि उघडली. न झाडलेलं काडतूस तिने ओढून काढलं, ते तिच्या बुटापाशी पडलं.

आता तिला गोड आवाज काढायची गरज नव्हती.

"मैदान सोडा, मिस्टर ऑस्टबी."

"हे बघ, चुकून झालं. चल, पुढचा शॉट घेऊ."

"आज तुमचा पुढचा शॉट नाही. नियम आहे. भरलेली, बंद बंदूक माणसांवरून फिरवली की तो माणूस बाहेर. राज्यपाल असला तरी."

"मी कोण आहे माहितीये ना तुला?"

"माहितीये की! आमदार. तुम्हीच ठरवलंत ना, आमच्या हातात बंदूक देणं धोक्याचं आहे म्हणून?"

बाकावरचा एक म्हातारा टाळ्या वाजवू लागला. शेल्बीचा फोन सगळा वेळ चालू होता. संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर लोक एकमेकांना ती फिल्म दाखवत होते, आणि मॅरेनला इतकं बरं वाटत होतं, इतकं की जेवताना ती गात होती.

रविवारी चर्चहून आल्यावर डॅडचा फोन वाजला. तो व्हरांड्यात जाऊन बराच वेळ बोलला. आत आला तो कोट न काढताच खुर्चीत बसला. मॉम, म्हणजे जोडी किवेला, भाताच्या सुपात चमचा फिरवायची थांबली.

"त्याचा होता," डॅड म्हणाला. "मॅरेन, त्याला तुझ्याकडून एकच वाक्य हवंय. कॅमेऱ्यासमोर. काडतूस झाडलेलं होतं, रिकामं होतं, एवढंच. तू म्हणालीस तर तो आपल्या मैदानाला सूट मिळवून देतो. लहान क्लबांसाठी. समिती त्याचीच आहे."

मैदान! संघ राहील. वसंत येईल, चिखल वाळेल, यंत्र कुरकुरेल. मॅरेनने डोळे मिटले तर समोर केशरी धुरळा आला, आणि त्याच्या मागोमाग टीगनचा कोरा चेहरा.

"लिहून देतो म्हणाला का?"

"शब्द दिलाय त्याने."

"शब्द त्याने मागेही दिला होता, डॅड. तूच टाळ्या वाजवल्या होत्यास."

"मॅरेन," मॉम म्हणाली, पण रागाने नाही.

"तो पडला तर निवडून कोण येईल, विचार केलायस?" डॅडने आवाज चढवला. "ती डोरान्स बाई! तिला तर हा कायदा आणखी कडक करायचाय. आपल्या घरातून तिला कधी मत गेलेलं नाही."

"माहितीये. ती त्या जेवणात उभी राहून तोंडावर म्हणाली तसं. कुणी टाळी वाजवली नाही, तरी म्हणाली. विरोधातल्या माणसाशी मी भांडेन, दर वर्षी भांडेन. पण आपला म्हणून ताटात जेवला आणि आपल्यालाच विकून खुर्ची घेतली, त्याला मी सोडणार नाही. आणि तुला त्याने सगळ्यांसमोर वळण शिकवलं, ते तू विसरलास. मी नाही."

डॅडने कोटाचं बटण काढलं, परत लावलं. मॉमने गॅस बंद केला.

मॅरेन उभी राहिली. बसून बोलण्यासारखी गोष्टच नव्हती ही.

"मॉम, डॅड, माझं ठरलंय. मी ते वाक्य म्हणणार नाही. मैदान गेलं तर गेलं, मी रडेन, पण म्हणणार नाही. आणि उद्या शाळा सुटली की क्लबचं जाकीट घालून मी दारोदार जाणार आहे, ऑस्टबीचा फलक ज्या ज्या अंगणात आहे त्या प्रत्येक दारात, डोरान्स बाईंना मत द्या म्हणून सांगायला. मला मत नाही, म्हणून मला सगळ्यांची हवीयेत. आणि डॅड, सुरुवात मी आपल्याच दारापासून करतेय."