झिबेकची अर्धी वाटी

मी एक जुनी, काठाला टवका उडालेली चहाची वाटी आहे. चिनी मातीची, निळ्या नक्षीची. मित्रांनो, ताल्दीकोर्गान शहरातल्या रिस्तीआजी लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबरच मीही आले.

चाळीस वर्षं मी पाहुण्यांच्या हातांत मिरवले. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला अर्धीच वाटी चहा देतात. म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो, बोलतो. काठोकाठ भरून दिली, की समजायचं, आता निघा! पुढे माझा टवका उडाला. फुटकी वाटी पाहुण्यापुढे ठेवत नाहीत, म्हणून माझी रवानगी फडताळात झाली. फार वाईट वाटलं हो.

मग नात कुनसुलूने मला बाहेर काढलं आणि ठेवलं कुठे? सापाच्या पेटीत! झिबेक नावाची केशरी रंगाची, बिनविषारी सापीण तिने पाळली होती. सापाला पाणी पाजायचं, एवढंच राहिलं होतं माझ्या नशिबात! पण झिबेक हळूच यायची, माझ्या काठावर हनुवटी टेकून पाणी प्यायची. माझा राग कधी गेला, कळलंच नाही.

एकदा कुनसुलू चार दिवस परीक्षेसाठी अल्माटीला गेली. झिबेकने नुकताच उंदीर खाल्ला होता, तिला फक्त पाणी द्यायचं होतं. पण आजींना राहवेना.

"अगं बाई, घरच्या पाहुणीला नुसतं पाणी?"

घरात साप शिरला, तर आमच्याकडे त्याला मारत नाहीत. अंगावर दूध ओतून मानाने वाटेला लावतात. म्हणजे दूध सापाच्या मानाचं, असा आजींचा हिशेब. त्यांनी पाणी ओतून टाकलं आणि मला दुधाने काठोकाठ भरलं. घोड्याच्या मांसाचे खारवलेले तुकडेही ठेवले. त्यांना झिबेकने तोंड लावलं नाही. दूध मात्र तिसऱ्या दिवशी तहानेपायी प्यायली. मला तोंड असतं, तर ओरडले असते!

कुनसुलू परतली, तेव्हा झिबेक ओकून मलूल पडली होती. पोरीने रडतच जनावरांच्या डॉक्टर झुमागुलना बोलावलं.

"आजी, साप आहे हा, जावई नाही!" डॉक्टर म्हणाल्या. "दूध याला पचत नाही, खारं मांस तर नकोच."

"मग बिचारीने खायचं तरी काय?"

"दुकानातला मेलेला, गोठवलेला उंदीर. कोमट पाण्यात पूर्ण वितळवलेला आणि हिच्या अंगापेक्षा जाड नाही असा. गोठ्यातला नको, त्याने विष खाल्लेलं असू शकतं. पण आता दोन आठवडे फक्त पाणी."

"दोन आठवडे उपाशी? माझ्या घरात?"

"वाचवायची असेल, तर हो."

आजींचा जीव टांगणीला लागला. आठव्या दिवशी त्या मुठीत मांसाचा तुकडा लपवून आल्या, पेटीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि डोळे पुसत परत गेल्या. पंधराव्या दिवशी कुनसुलूने चिमट्याने लहानसा उंदीर पुढे धरला. झिबेकने तो गिळला. ओकू नये म्हणून दोन दिवस कुणी तिला हात लावला नाही. उंदीर पोटात टिकला!

मित्रांनो, ज्याला पाळाल, त्याच्या पोटाला काय सोसतं ते आधी विचारा. माया आपल्या मनासारखी नाही, त्याच्या पोटासारखी करा.

तिसऱ्या दिवशी आजींनी मला स्वतः घासून धुतलं, पाणी ओतलं आणि पेटीत ठेवलं.

"आजी, अर्धीच?" कुनसुलूने विचारलं.

"अर्धीच. बसू दे की तिला, निघायची काय घाई आहे?"